आपल्या माणसांची यादी

चेन्नईतल्या शोळिंगनल्लूरच्या आमच्या ऑफिसात शिरायचं म्हणजे आधी दारातल्या खिडकीत मोबाइल जमा करायचा, मग पर्स उघडून दाखवायची, मग गळ्यातलं कार्ड यंत्राला टेकवायचं, आणि एवढं करूनही आतल्या खोलीत जाताना साधं बॉलपेन बाहेर ठेवायचं. त्या खोलीत एका परदेशी विमा कंपनीच्या ग्राहकांची माहिती असायची. सातासमुद्रापलीकडच्या कुणा म्हातारीची जन्मतारीख मी चुकून चिटोऱ्यावर टिपून घरी आणली असती, तर दुसऱ्या दिवशी मला दारातूनच परत पाठवलं असतं. म्हातारीला त्याचा पत्ताही लागला नसता, पण नियम म्हणजे नियम.

माझं काम गोपनीयता धोरणं लिहिण्याचं. म्हणजे 'आम्ही तुमची माहिती गरजेपुरतीच घेऊ, तुम्हाला विचारल्याशिवाय कुणाला देणार नाही, आणि तुम्ही सांगाल तेव्हा पुसून टाकू' एवढं साधं आश्वासन अठरा पानांत पसरायचं, म्हणजे कुणी वाचायच्या फंदात पडत नाही. मला या कामाचा भारी अभिमान होता. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. ओएमआर या आयटी कंपन्यांच्या हमरस्त्यावर रोज नवी काचेची इमारत उभी राहत होती, आणि त्या सगळ्या काचांच्या आत आमच्यासारखी माणसं परक्या लोकांची गुपितं जिवापाड सांभाळत बसली होती.

शनिवारी-रविवारी मी मराठी मंडळात असायची. आमचं मंडळ म्हणजे पेरुंगुडी आणि आसपासच्या साठ-सत्तर घरांचा घोळका. शहरातल्या जुन्या नामांकित संस्थांशी त्याचा काही संबंध नव्हता, फक्त गणपतीत कुठूनतरी सतरंज्या मागून आणण्यापुरते आम्ही जगाशी संबंध ठेवून होतो. अध्यक्ष रेल्वेतून निवृत्त झालेले काका. आयुष्यभर गाड्यांची वेळापत्रकं केल्यामुळे माणसांनाही रकान्यात बसवायची त्यांना सवय लागली होती. मंडळाची सभासद सूची हे त्यांचं अपत्य. दर गुढीपाडव्याला ती पुस्तिका छापून निघायची आणि श्रीखंडाच्या वाटीबरोबर प्रत्येकाच्या हातात पडायची.

सूचीत काय नसायचं! नाव, पत्ता, फोन, जन्मतारीख, रक्तगट, गोत्र, मूळ गाव, नोकरीचं ठिकाण, मुलांची नावं, मुलांच्या शाळा आणि इयत्ता. एका वर्षी 'मधुमेह आहे किंवा नाही' असाही रकाना होता, मोदकांचा अंदाज यावा म्हणून. पोरीबाळींची लग्नं त्या सूचीतून जमली, शाळेच्या व्हॅन त्या सूचीतून ठरल्या, आणि कुणाच्या सासूची कुठली शस्त्रक्रिया झाली हेही बहुधा त्यातूनच कळत असावं. कुणी कुरकुर केली की काकांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "अहो, आपल्यात काय लपवायचंय?"

खरं सांगायचं तर त्या वाक्याला सगळेच भुलायचे. चेन्नईत नव्याने आलेल्या मराठी माणसाला पहिले सहा महिने रिक्षावाल्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांशी हातवारे करून बोलावं लागतं. मग एके दिवशी भाजीच्या दुकानात मागून कुणीतरी "अगं, कोथिंबीर घे" म्हणतं आणि डोळ्यांत टचकन पाणी येतं. त्या बाईला आपण पाच मिनिटांत पगार, आजार आणि नवऱ्याचा स्वभाव सांगून मोकळे होतो. मराठी बोलला की आपला, आणि आपला म्हटला की घरचा. दाराला याहून वेगळी कडी आम्ही लावलेलीच नव्हती.

अशा मंडळाला वेबसाइट हवी असं काकांच्या डोक्यात आलं आणि ते काम अर्थातच माझ्यावर आलं. "वहिनी, तुम्ही त्या लाइनमधल्या," काका म्हणाले. मी खुशीत हो म्हटलं. सूची साइटवर चढवायची, आणि नुसती चढवायची नाही, तर तिच्यात शोधायची सोय करायची. आडनावावरून शोधा, रक्तगटावरून शोधा, आणि माझी स्वतःची खास करामत म्हणजे मूळ गावावरून शोधा. गावाचं नाव टाकलं की चेन्नईत त्या गावचं कोण आहे ते समोर हजर. दोन रविवार खपून मी ते केलं आणि मला ते फार आवडलं.

त्याच सुमाराला ती माझ्याकडे आली. बँकेत होती. विदर्भातल्या एका गावाहून बदली मागून घेऊन सहा वर्षांच्या मुलीसह पेरुंगुडीतच, आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहायची. गेल्या पाडव्याला कुणीतरी हाताला धरून तिला मंडळात आणलं होतं आणि काकांनी तिथल्या तिथे तिच्याकडून फॉर्म भरून घेतला होता. ती बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या टोकावर बसली आणि म्हणाली, "ताई, माझा पत्ता त्या कम्प्युटरवर घालू नका. मुलीची शाळा तर मुळीच नको."

मी विचारलं नव्हतं तरी तिने कारण सांगितलं. नवऱ्याला सोडून ती निघाली होती, मुलीच्या ताब्यासाठी कोर्टात केस चालू होती. मध्यंतरी एकदा त्याने मुलीला शाळेतून परस्पर उचललं आणि अकरा दिवस कुठे ठेवलंय ते सांगितलं नव्हतं. बाराव्या दिवशी आणून सोडली तेव्हा मुलीला ताप होता आणि ती आईशी बोलत नव्हती. "आम्ही चेन्नईला आहोत एवढं त्याला कळलंय," ती म्हणाली, "पण चेन्नई मोठी आहे ना, ताई?"

"मोठी आहे," मी म्हटलं. "तू काळजी करू नकोस."

आता इथे मी काय करायला हवं होतं हे कुठल्याही शहाण्या माणसाला कळेल. तिची ओळ निवडायची आणि पुसायचं बटण दाबायचं. चहा गाळायलाही याहून जास्त वेळ लागतो. पण मी पडले धोरणवाली. मला वाटलं, एका बाईसाठी एक ओळ पुसणं ही तात्पुरती मलमपट्टी झाली; प्रश्न तत्त्वाचा आहे, तो कमिटीपुढे न्यायला हवा. मी न्यायला गेले.

कमिटीची सभा काकांच्या घरी झाली. मी दहा मिनिटं व्यक्तीच्या खाजगीपणाच्या हक्कावर बोलले. सगळ्यांनी ऐकून घेतलं, उपमा खाल्ला, आणि काका म्हणाले, "वहिनी, एकीचा पत्ता गाळला की उद्या प्रत्येक जण काहीतरी गाळायला सांगेल. मग सूचीत उरणार काय? आणि नवरा-बायकोचं भांडण आज आहे, उद्या मिटेल. सूची कायमची आहे."

एवढ्यात खजिनदारबाईंनी साइट उघडून पाहिली. पाहता पाहता त्यांचा चेहरा बदलला. आपली जन्मतारीख सालासकट आहे हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. त्यांनी शेजारणीला दाखवलं, शेजारणीने स्वतःची पाहिली, आणि मग जो काही गदारोळ झाला तो सांगता सोय नाही. हा बायकांचा अपमान आहे, हा विश्वासघात आहे, हे सगळ्या जगाला दिसणार का, अशी एकच झोड उठली. पाच मिनिटांत एकमताने ठराव झाला की सर्व स्त्री सभासदांच्या जन्मतारखेतलं साल तत्काळ काढून टाकावं. तत्काळ म्हणजे मी तिथेच, त्यांच्यादेखत काढलं. वय ही खाजगी बाब ठरली, पत्ता सार्वजनिक राहिला. आमच्या मंडळात स्त्रीच्या गोपनीयतेचा हा पहिला आणि शेवटचा विजय.

मी भांडून एक मिळवलं. सूचीला पासवर्ड लावायचा. फक्त सभासदांना मिळेल. त्यांनी ते मान्य केलं, कारण कुलूप म्हटलं की आतला माल मोलाचा आहे असं वाटतं. पहिला पासवर्ड काकांनी ठरवला, 'मोदक', आणि गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत कुणी ताटकळू नये म्हणून माइकवरून जाहीर केला. दोनदा. मांडववाला, केटरर आणि समोरच्या इस्त्रीवाल्याचं कुटुंब यांनाही तो कळला. मी कपाळाला हात लावला, त्याच संध्याकाळी पासवर्ड बदलला, आणि कडक शब्दांत मेल पाठवला की यापुढे पासवर्ड फक्त माझ्याकडून, माझ्या मोबाइलवर, माझी खात्री पटल्यावरच मिळेल. नवा पासवर्ड चौदा अक्षरांचा होता. लहान-मोठी अक्षरं, आकडे, मध्ये डॉलरचं चिन्ह. तो पाठ करायला मला स्वतःला दोन दिवस लागले.

मग मी तिला फोन केला आणि म्हटलं, "आता निश्चिंत राहा. किल्ली माझ्याकडे आहे."

"तुमच्याकडे आहे ना, मग झालं," ती म्हणाली.

डिसेंबरात कंपनीने मला एग्मोरच्या एका हॉटेलात एक दिवसाच्या परिषदेत बोलायला पाठवलं. विषय होता इंटरनेटचा कारभार आणि मानवी हक्क. अशा विषयांच्या परिषदा तेव्हा नुकत्याच सुरू झाल्या होत्या आणि हॉटेलवाल्यांना त्या फार आवडायच्या. इंटरनेट कुणी चालवायचं, सरकारांनी, कंपन्यांनी की जनतेने, यावर तिन्ही बाजू बोलणार होत्या. सरकारतर्फे एक अधिकारी होते, ते भाषण करून निघून गेले. कंपन्यांतर्फे माझ्याखेरीज दोघे होते, ते सारखे बाहेर जाऊन फोनवर बोलत होते. जनतेतर्फे एक संस्था विमानाने आली होती. प्रत्यक्ष जनता पाण्याच्या बाटल्या वाटत होती, तिला कुणी काही विचारलं नाही.

दारात नोंदणीचं टेबल होतं. तिथल्या मुलीने माझ्यापुढे फॉर्म सरकवला. नाव, घरचा पत्ता, मोबाइल, जन्मतारीख, रक्तगट, वडिलांचं किंवा पतीचं नाव, ओळखपत्राची झेरॉक्स. मी विचारलं, खाजगीपणावरच्या परिषदेला रक्तगट कशाला? ती गोड हसली. "फॉर्मॅट, मॅडम. फिल पण्णुंग." भरा म्हणाली, मी भरला. नंतर माझ्या भाषणाची सुरुवातच मी या फॉर्मने केली आणि सगळं सभागृह खो खो हसलं. त्यांच्यापैकी प्रत्येकाने तो भरलेला होता.

भाषण फर्मास झालं. तंत्र कितीही पक्कं असलं तरी गळती माणसातून होते, असं मी म्हटलं. समोरचा गोड बोलला, ओळखीचा वाटला, की आपण विसरतो की तो कोण आहे हे आपण विचारलेलंच नाही, असंही म्हटलं. टाळ्या पडल्या. एका वकीलबाईंनी चहाच्या सुट्टीत माझं कार्ड मागून घेतलं. मी कॉफीचा कप घेऊन खिडकीपाशी उभी राहिले. त्या वेळी माझ्याइतकं हुशार चेन्नईत कुणी नव्हतं.

तेवढ्यात मोबाइल वाजला. अनोळखी नंबर.

"नमस्कार ताई. मंडळाच्या वेबसाइटवर तुमचा नंबर मिळाला. डिस्टर्ब तर नाही ना केलं?"

काय ते मराठी! स्वच्छ, मोकळं, शेवटी किंचित हेल असलेलं, वऱ्हाडातल्या उन्हाची आठवण देणारं. त्या दिवशी सकाळपासून मी इंग्रजी बोलून बोलून जबडा दुखवून घेतला होता. तो म्हणाला, नुकताच कामासाठी आलोय, तीन आठवडे कानावर मराठी शब्द नाही. मी हसले. म्हटलं, आमचं सगळ्यांचं असंच झालं होतं. त्याने विचारलं, इथे ज्वारीचं पीठ कुठे मिळतं? मी साहुकारपेठेतलं दुकान सांगितलं, वर कुठल्या बसने जायचं तेही सांगितलं. मग तो म्हणाला, "ताई, साइट फार सुंदर केलीय तुम्ही. ते मूळ गावावरून शोधायचं दिसलं. आमच्या गावाकडचं कुणी इथे असेल तर जिवाला बरं वाटेल. पण ते पासवर्ड मागतंय."

इतक्या महिन्यांत त्या सोयीबद्दल मला एकाही सभासदाने चकार शब्द विचारला नव्हता. सगळे तिथे रक्तगट नाहीतर लग्नाच्या मुली शोधायचे. हा पहिला माणूस, ज्याला माझी करामत कळली होती.

"सभासद व्हाल ना?" मी विचारलं. ही माझी खात्री पटवण्याची पद्धत.

"होणारच की! आपली माणसं सोडून कुठे जाणार?"

मी पासवर्ड सांगितला. चौदा अक्षरं फोनवरून सांगणं सोपं नसतं. के केरळचा, पण मोठा, मग सात, मग डॉलरचं चिन्ह, चारच्या डोक्यावर असतं ते. त्याच्याकडून एकदा चुकला तर मी न कंटाळता पुन्हा सांगितला. त्याने सगळा वाचून दाखवला, मी म्हटलं, "बरोब्बर." तो म्हणाला, "देव तुमचं भलं करो, ताई." मी कॉफी संपवली आणि पुढच्या सत्राला जाऊन बसले. ते सत्र लोकांच्या संमतीबद्दल होतं.

तीन दिवसांनी संध्याकाळी सहाला ऑफिसातून सुटले आणि खिडकीतून मोबाइल परत घेतला, तर त्यावर तिचे नऊ मिस्ड कॉल. पहिला तीन वाजून चाळीस मिनिटांचा. त्या दोन-अडीच तासांत मी आतल्या खोलीत परदेशी म्हातारीची जन्मतारीख राखत बसले होते.

तिच्या घरी पोचले तेव्हा मुलगी जमिनीवर बसून दूध-बिस्किट खात होती आणि ती दाराला पाठ लावून उभी होती. शाळा सुटताना तो फाटकावर आला होता, हातात मोठी बाहुली घेऊन. मुलीने त्याला ओळखलं आणि "बाबा" म्हणून ती पुढेही झाली. पण फाटकावर वॉचमन होता. त्या शाळेत मुलांना न्यायला येणाऱ्यांना एक पिवळं कार्ड दिलेलं असायचं. वॉचमनने कार्ड मागितलं. त्याने सांगून पाहिलं की मी बाप आहे, फोटो दाखवला, हिंदी झालं, इंग्रजी झालं, शेवटी चिडून मराठीही झालं. त्या मराठीचा, जिच्यापुढे मी पाघळले होते, वॉचमनवर काडीचाही परिणाम झाला नाही. तो एकच वाक्य म्हणत राहिला. "कार्डु इल्लेन्ना पाप्पा इल्ले." कार्ड नाही तर पोरगी नाही. माझी अठरा पानं त्या माणसाने चार शब्दांत बसवली होती, आणि तो ती पाळतही होता.

"त्याला शाळा कशी कळली?" तिने मला विचारलं.

माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, "काकांनी दिला असेल पासवर्ड. ते कुणालाही देतात."

 ती म्हणाली, "मी पोचले तेव्हा तो अजून फाटकावरच होता. मला म्हणाला, तुमच्या त्या वेबसाइटवाल्या ताई फार चांगल्या आहेत. पिठाचं दुकानसुद्धा सांगितलं त्यांनी."

आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. काकांना मी इतके महिने हसले, माइकची गोष्ट ऑफिसात रंगवून सांगितली, आणि कुंपणानेच शेत खाल्लं होतं. मी म्हटलं, "मीच दिला." तिने मान हलवली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने मुलीच्या तोंडाभोवतीचं दूध पुसलं आणि मला म्हणाली, "चहा घेणार का?" मी नको म्हटलं.

पुढचे चार दिवस तो तिच्या इमारतीसमोर चहाच्या टपरीवर बसून राहिला. काही करत नव्हता, नुसता बसायचा, आणि ती बाल्कनीत आली की हात हलवायचा. मंडळातले दोन-तीन जण येता-जाता त्याच्याशी बोललेही. मराठी होता ना! मी पोलिसांत तक्रार द्यायला तिच्याबरोबर गेले. तिथेही तिने नाव, पत्ता, फोन आणि मुलीची शाळा असलेला एक फॉर्म भरला.

कमिटीची तातडीची सभा झाली. मी सूची साइटवरून काढून टाकली होती, शोधाची सोय, गावं, रक्तगट, सगळं. त्याला लागलेली मिनिटं मोजायची हिंमत मला झाली नाही. काका खरोखर दुःखी दिसत होते. सूचीसाठी. "पण वहिनी," ते म्हणाले, "तसा तोही आपलाच माणूस. लेकीला भेटावंसं वाटलं असेल. एकदा दोघांना समोरासमोर बसवलं असतं तर." दोघा-तिघांनी माना डोलावल्या. मला इतका संताप आला की मी उपम्याची बशी टेबलावर आपटली आणि म्हटलं की ज्याला पोरगी अकरा दिवस लपवून ठेवणं हा आपला हक्क वाटतो त्याला आपला म्हणायचं असेल तर मला परकं म्हणा.  पण माझ्या बोलण्याला जोर कुठून येणार? पासवर्ड कुणी दिला हे प्रत्येकाला ठाऊक होतं.

तेव्हा कोपऱ्यातून टीचर बोलल्या. टीचर म्हणजे आमच्या मंडळातल्या एकुलत्या एक तंजावरकडच्या बाई, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांच्या मराठीला आमची पोरं तोंड लपवून हसायची. सभेत त्या कधी बोलत नसत, म्हणून सगळे वळून पाहू लागले.

"मजलाही फोन आला होता त्याचा," त्या म्हणाल्या. "तुम्हांआधीं. पुस्तकांतला नंबर कोणी दिला असेल. बहु गोड बोलला. त्या मुलीचें घर विचारलें."

"मग तुम्ही काय सांगितलंत?" मी विचारलं.

"मी विचारलें, कशास पाहिजे? तो म्हणाला, आपण मराठी लोक, अम्मा. मी म्हणालें, तें ठीक, पण कशास पाहिजे? त्यानें सांगितलें नाहीं. 'सरी, बरें' म्हणालें आणि फोन ठेवला."

"तुम्हाला संशय आला?"

"संशय कसला? परका माणूस दुसऱ्याच्या लेकीचें घर विचारतो, तर कारण पुसावें कीं नाहीं?" मग त्यांनी म्हटलं, "आम्ही तीनशें वर्षें येथें आहों, अम्मा. मराठी ऐकून विरघळलों असतों तर एवढीं वर्षें टिकलों नसतों."

कुणी हसलं नाही. मी तर नाहीच. एवढ्या परिषदा, एवढे पगार, आणि सगळ्याचं सार या बाईंना मुळापासून ठाऊक होतं. कशास पाहिजे. हा एक प्रश्न मी त्या माणसाला विचारला नव्हता, आणि पीठ कुठे मिळतं ते मात्र बस नंबरासकट सांगितलं होतं.

तिने पुन्हा बदली मागितली. बँकेत कुणीतरी भलं माणूस होतं, महिन्याभरात मिळाली. कुठे, ते तिने कुणाला सांगितलं नाही. काकांनी मला दोनदा विचारलं, "तुम्हाला तर माहीत असेलच," आणि मला माहीत नाही हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

ती निघायच्या दिवशी मी ऑफिसला जायच्या आधी सामान आवरायला गेले. तिने नको म्हटलं नाही, ये असंही म्हटलं नाही. सगळे खोके भिंतीला लावून ठेवले होते. ज्या बाजूवर गावाचं नाव लिहिलं होतं ती बाजू भिंतीकडे. मी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून भांडी कागदात गुंडाळू लागले.

मुलगी शेवटच्या खोक्यावर चढून बसली होती, नवा फ्रॉक घालून. तिच्याशी काहीतरी बोलावं म्हणून, दुसरं काही मनात नसताना, जिभेच्या सवयीने मी विचारलं, "काय गं, आता कुठल्या गावाला चाललात?"

आतल्या खोलीत तिच्या आईच्या हातातली चिकटपट्टी फाडायचा आवाज थांबला.

मुलीने माझ्याकडे नीट पाहिलं. मग दोन्ही हात पसरून वाट अडवल्यासारखे केले आणि अगदी त्या वॉचमनच्या आवाजात म्हणाली, "कार्ड काट्टुंग." कार्ड दाखवा.

माझ्या गळ्यात कंपनीचं कार्ड होतं. फोटो, सही, वर चकचकीत शिक्का. मी ते काढून तिच्या हातात दिलं. तिने ते उलटून पाहिलं, सुलटून पाहिलं, पिवळं नाही याची खात्री केली, आणि मान हलवून मला परत दिलं.

"हे नाही चालत, मावशी," ती म्हणाली.

आत चिकटपट्टीचा आवाज पुन्हा सुरू झाला. मी कार्ड गळ्यात घातलं, भांड्यांचा खोका उचलला आणि नावाची बाजू अंगाकडे येईल असा धरून खाली टेम्पोत नेऊन ठेवला.